कॅम्प चाचणी: बाणाचा फाळ नीट कसा उमटवावा

'कॅम्प' ही क्रिस्टी, ॲटकिन्स आणि मुंच-पीटरसन यांच्या आडनावांची आद्याक्षरं. १९४४ साली त्यांनी ही चाचणी मांडली. ब गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा जंतू ओळखायला ती वापरतात; तो असला की प्लेटवर बाणाच्या फाळासारखा नितळ भाग उमटतो. हाच जंतू नवजात बाळांना सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) आणि मेंदूज्वर करतो, तेव्हा निकाल घाईत वाचू नका.

मेंढीचं ५ टक्के रक्त घातलेली ब्लड अगार प्लेट (जंतू वाढवायची जेलीची थाळी) घ्या. मधोमध स्टॅफिलोकोकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) या जंतूची एक सरळ रेघ ओढा. तिच्याशी काटकोनात तपासायच्या जंतूची २ ते ३ सेंटिमीटरची रेघ ओढा, पण स्टॅफच्या रेघेपासून २ ते ४ मिलिमीटर अलीकडेच थांबवा. रेघा एकमेकींना टेकल्या की प्लेट वाया गेली. शेजारी स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए (हाच ब गट, फाळ दाखवणारा) आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनीस (अ गट, फाळ न दाखवणारा) यांच्या रेघा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, हव्यातच. ३५ अंश सेल्सिअसला, साध्या हवेत, १८ ते २४ तास ठेवा.

पेशी फोडायला इथे दोन विषं लागतात. स्टॅफचं बीटा टॉक्सिन रक्तपेशीच्या पटलातलं स्फिंगोमायलिन हे स्निग्ध द्रव्य तोडतं. पटल कमकुवत होतं, पण पेशी तग धरते. मग स्ट्रेप्टोकोकसच्या कॅम्प फॅक्टर या प्रथिनाचे रेणू त्या पटलात जमून छिद्रं पाडतात. क्षार आणि पाणी आत शिरतं, हिमोग्लोबिन मात्र आतच अडकलेलं असल्याने पाणी ओढलं जातच राहतं. पेशी फुगते आणि फुटते. दोन्ही विषं पाझरून जिथे भेटतात तिथेच अगार नितळ होतं आणि रेघेच्या टोकाशी बाणाचा फाळ दिसतो.

मेंढीचंच रक्त का, तेही यातच आलं: तिच्या रक्तपेशींच्या पटलातल्या फॉस्फोलिपिडांत (स्निग्ध द्रव्यांत) निम्म्याच्या आसपास स्फिंगोमायलिन असतं. घोड्याच्या किंवा माणसाच्या पेशींत ते बरंच कमी.

फाळ उमटलाच नाही, तर आधी स्टॅफच्या स्ट्रेनवर (वाणावर) संशय घ्या. माणसांतून मिळालेल्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये बीटा टॉक्सिनच्या जनुकात फेज (जंतूंना लागण करणारा विषाणू) घुसून ते बंद पडलेलं असतं. एटीसीसी २५९२३ हा स्टॅफचा प्रमाणित स्ट्रेन वापरा. स्टॅफच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धवट विरघळल्यासारखा मळकट पट्टा दिसला, म्हणजे टॉक्सिन बनतंय.

कँडल जारमध्ये (आत मेणबत्ती पेटवून बंद केलेल्या बरणीत) प्लेट ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड वाढला की अ गटाचा स्ट्रेप्टोकोकसही कधी कधी फाळ दाखवतो. वाचण्याआधी प्लेट फ्रिजमध्येही नको. थंडीने तो मळकट पट्टा पूर्ण नितळ होतो आणि फाळ त्यात हरवतो.