मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात विजेनं पट्टीवर तांबं चढवताना काळी भुकटी येऊन राहिली का?

आमच्या इकडे नागपूरला संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद अन् चुन्याचं बुरशीनाशक) लागतं म्हणून मोरचूद कोणत्याही कृषी केंद्रात मिळतो, शाळेच्या प्रोजेक्टसाठी तोच चालतो. भांडं काचेचंच घ्या, स्टीलचं नको, कारण लोखंड दिसलं की तांबं लगेच त्याच्यावर बसतं अन् सगळा प्रयोग बिघडतो. अशुद्ध तांब्याची जाड तार सेलच्या प्लसला, स्वच्छ घासलेली तांब्याची पातळ पट्टी मायनसला.

आता मेन गोष्ट, ९ व्होल्टची बॅटरी लावू नका! माझ्या मुलीनं लावली होती अन् पट्टीवर काळपट भुकटी आली जी बोट लावलं की निघून जाते, कारण करंट जास्त झाला की पट्टीपाशचे तांब्याचे आयन (विद्युतभार असलेले कण) द्रावणातून नवीन पोचायच्या आधीच संपून जातात. तांबं शुद्ध करणाऱ्या रिफायनरीत सुद्धा एका टाकीला अर्ध्या व्होल्टपेक्षा कमीच देतात, म्हणून तर ९९.९९ टक्के शुद्ध तांबं मिळतं अन् चांदी-सोनं न विरघळता खाली गाळात बसतं. तुम्ही दीड व्होल्टचा एकच सेल घ्या, करंट कमी राहावा म्हणून मध्ये टॉर्चचा छोटा बल्ब सिरीजमध्ये जोडा, अन् तासभर हलवू नका, मस्त गुलाबी थर येतो.

उरलेलं निळं पाणी नालीत नाही टाकायचं, मासे मरतात त्यानं.