नायजेल नील यांची प्रयोगवही: आरंभीच्या टीव्ही नाटककाराची कारकीर्द कशी नोंदवावी

ब्रिटिश टीव्ही नाटककार नायजेल नील यांची कारकीर्द पुस्तकांच्या यादीसारखी लिहायला घेतली की पहिल्याच पानावर फसते. १९५० च्या दशकात बीबीसीवरचं नाटक स्टुडिओतून थेट घराघरांत जायचं. संवाद विसरला तर तो सगळ्यांच्या देखत विसरला. रंगभूमीच्या अर्थानं ते प्रयोगच होते, म्हणून त्यांची नोंदही नाटक कंपनीच्या वहीसारखी ठेवावी: तारीख कोणती, जागा कोणती, कितवा प्रयोग.

आडवी वही किंवा एक्सेल घ्या आणि सात रकाने आखा: प्रसारणाची तारीख व वार, शीर्षक, वाहिनी, स्टुडिओ, थेट, फिल्म की टेप, नील यांचं नेमकं काम, आणि आज काय उरलं आहे. शेवटच्या रकान्याचे आतून तीन भाग करा: चित्र, आवाज, संहिता. हे तीन वेगळे न केल्यामुळेच ‘हरवलेलं नाटक’ असा एक सरसकट शिक्का बसतो आणि संहिता छापलेली असतानाही कुणी ती शोधायला जात नाही.

चरित्रासाठी एकच पान ठेवा, पण ते आधी भरा. जन्म एप्रिल १९२२, बॅरो-इन-फर्नेस, इंग्लंड. नील यांना सर्रास आइल ऑफ मॅनचे लेखक म्हणतात. घराणं आणि बालपण तिथलंच असल्यामुळे ते योग्यही आहे, पण जन्मगावाच्या जागी ते बेट लिहू नका. पुढे कायद्याचं शिक्षण सोडून लंडनच्या राडा या नाट्यशाळेत प्रवेश, १९४९ मध्ये ‘टोमॅटो केन’ हा कथासंग्रह, १९५० मध्ये त्यासाठी सॉमरसेट मॉम पुरस्कार, १९५१ पासून बीबीसीत नोकरीवरचे लेखक. १९५४ मध्ये जुडिथ कर यांच्याशी लग्न. पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी जगभर ओळखल्या गेलेल्या त्याच या. मृत्यू २९ ऑक्टोबर २००६.

आता वही. तारखांसाठी बीबीसी जीनोम हे संकेतस्थळ उघडा. ‘रेडिओ टाइम्स’ या बीबीसीच्या साप्ताहिकातले १९२३ ते २००९ पर्यंतचे कार्यक्रम-तक्ते तिथे मोफत आहेत. शोध नाटकाच्या नावानं घेऊ नका. छापील पानं यंत्रानं वाचून घेतलेली असल्यामुळे अक्षरं जागोजागी चुकलेली आहेत, आणि ‘क्वॉटरमास’सारखं नाव (नील यांच्या विज्ञानकथा-मालिकांचा नायक, एक शास्त्रज्ञ) त्यात सहज निसटतं. आधी नील यांच्या आडनावानं, मग निर्माते रुडॉल्फ कार्टिए यांच्या नावानं, आणि शेवटी मुख्य नटाच्या नावानं शोधा. तीन वेळा शोधल्यावर गाळलेलं बहुतेक सापडतं. मात्र तो तक्ता प्रसारणाच्या आधी छापलेला असतो, हे विसरू नका. ऐनवेळी नट बदलला, नाटक लांबलं किंवा पुढे ढकललं तर त्याची खूण तिथे नसते. म्हणून जीनोमवरून घेतलेली प्रत्येक तारीख पेन्सिलीनं लिहा आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातलं परीक्षण सापडलं की मगच शाई वापरा.

नील यांचं काम काय होतं, हा रकाना लोक घाईत भरतात. ‘लेखक’ एवढा शब्द पुरत नाही. १९५२ च्या ‘ॲरो टु द हार्ट’मध्ये त्यांनी फक्त जादा संवाद लिहिले होते. ‘वदरिंग हाइट्स’ हे कादंबरीचं रूपांतर. ते १९५३ मध्ये सादर झालं आणि १९६२ मध्ये कार्टिए यांनीच पुन्हा उभं केलं. तेव्हा संहितेची एक ओळ आणि प्रयोगाच्या दोन ओळी, अशी मांडणी करावी लागते.

पहिली खरी कसोटी ‘द क्वॉटरमास एक्सपेरिमेंट’ची. सहा भाग, १८ जुलै ते २२ ऑगस्ट १९५३, दर शनिवारी, अलेक्झांड्रा पॅलेसच्या स्टुडिओ ए मधून थेट. कॅमेरे बीबीसीकडचे सर्वांत जुने, एमिट्रॉन जातीचे. चित्रात काळे-पांढरे डाग उमटायचे. सहा भागांसाठी सहा ओळी करा. एकच ओळ केली तर पुढचा महत्त्वाचा तपशील लिहायला जागाच उरत नाही: पहिले दोन भाग शिल्लक आहेत, बाकीचे चार नाहीत. त्या काळी थेट प्रसारण जपायचं तर खास पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र उतरवून घ्यावं लागे. त्या फिल्मचा दर्जा न पटल्यामुळे दोन भागांनंतर ते काम थांबवलं गेलं. दुसऱ्या भागाच्या फिल्ममध्ये पडद्यावर बसलेला एक किडाही बराच वेळ दिसतो. हे चार भाग ‘पुसले गेले’ असं लिहिणं सर्रास चालतं, आणि ते चूक आहे. ते कधी टिपलेच गेले नाहीत. पुसलेल्या टेपची प्रत कुठे तरी सापडू शकते. न टिपलेल्या प्रयोगाची आशा नसते. रकान्यात ‘नष्ट’ आणि ‘न टिपलेला’ असे दोन वेगळे शब्द वापरा.

या चार भागांसाठी संहिता आहे: पेंग्विननं ती १९५९ मध्ये पुस्तकरूपात काढली. ती पुढीलप्रमाणे वाचा. प्रत्येक प्रवेशासाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड घ्या. वर स्थळ, खाली हजर पात्रं. कार्डं क्रमानं लावली की एका स्थळातून निघून पुढच्या स्थळात येणारी पात्रं दिसू लागतात. थेट प्रयोगात त्या नटाला कॅमेऱ्याच्या मागून पळत जावं लागे, त्यामुळे मध्ये दुसऱ्यांचा एखादा छोटा प्रवेश किंवा आधी चित्रित केलेला फिल्मचा तुकडा लागतो. असे सांधे लाल पेन्सिलीनं दाखवा. वरवर फालतू वाटणारे प्रवेश कशासाठी आहेत ते इथे उमगतं, आणि नील यांची कारागिरी आम्हाला इथेच सर्वांत स्पष्ट दिसते. मग भाग मोठ्यानं, घड्याळ लावून वाचा. प्रत्येकाला साधारण अर्धा तास होता. मनातल्या मनात वाचलं तर वेळ हमखास कमी भरतो, कारण दारं उघडणं, फोन उचलणं, नुसतं बघत राहणं यांना लागणारा वेळ आपण गिळून टाकतो.

सहाव्या भागात लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमध्ये अवतरणारा प्राणी म्हणजे खुद्द नील यांचे हात होते! पानावेली चिकटवलेले हातमोजे घालून त्यांनी ते ॲबेच्या मोठ्या केलेल्या छायाचित्रातून बाहेर काढले. ती सजावट त्यांनी आणि जुडिथ यांनी मिळून केली होती. कामाच्या रकान्यात हेही लिहा.

दुसरी कसोटी ‘नाइन्टीन एटी-फोर’, जॉर्ज ऑरवेल यांच्या कादंबरीचं रूपांतर. रविवार, १२ डिसेंबर १९५४ रोजी पहिला प्रयोग झाला आणि गदारोळ उठला. संसदेतही त्यावर प्रस्ताव आले. गुरुवार, १६ डिसेंबरला सगळे नट पुन्हा स्टुडिओत आले आणि दुसरा थेट प्रयोग झाला. याला पुनःप्रसारण म्हणू नका. उरलेली फिल्म गुरुवारची आहे, ज्यावरून वाद पेटला त्या रविवारची नव्हे. मुख्य नट पीटर कुशिंग यांच्या अभिनयातला एखादा बारकावा पाहून ‘हे पाहून लोक हादरले’ असं लिहिलं, तर आपण वेगळ्याच संध्याकाळबद्दल बोलत असतो. हीच संहिता १९६५ मध्ये नव्या संचात झाली. ती फिल्म २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, मधला काही भाग वगळता, सापडली. तिची ओळ वेगळी.

चित्रपटांसाठी वहीच्या शेवटी स्वतंत्र पानं ठेवा, नाहीतर गोंधळ अटळ आहे. ‘द क्वॉटरमास एक्सपेरिमेंट’ ही मालिका. ‘द क्वॉटरमास झपेरिमेंट’, म्हणजे इंग्रजी ई गाळून एक्सनं सुरू होणारं शीर्षक, हा हॅमर कंपनीचा १९५५ चा चित्रपट, आणि त्याची पटकथा नील यांची नाही. १९५५ ची दुसरी मालिका क्वॉटरमास या नावापुढे रोमन दोनचा आकडा लावते, १९५७ चा चित्रपट साधा दोन. नटांवरूनही पडताळा घेता येतो: पहिल्या तीन मालिकांतले क्वॉटरमास अनुक्रमे रेजिनाल्ड टेट, जॉन रॉबिन्सन आणि आंद्रे मोरेल. टेट दुसऱ्या मालिकेच्या तोंडावर वारले, म्हणून बदल झाला. हिमालयातल्या यतीवरचं ‘द क्रीचर’ (३० जानेवारी १९५५) उरलेलं नाही; त्यावरचा १९५७ चा चित्रपट आहे, त्याची पटकथा नील यांचीच. तरीही चित्रपट पाहून नाटकाच्या ओळीत शेरा लिहू नये.

१९५८-५९ च्या ‘क्वॉटरमास अँड द पिट’चे सहाही भाग आहेत. थेट भाग आणि फिल्मचे तुकडे ओळखण्याचा सराव यावरच करा: चित्राचा पोत अचानक बदलला, कडा स्वच्छ झाल्या की फिल्म सुरू झाली. वेळ नोंदवा, मग संहितेतली तीच जागा शोधा.

पुढच्या नोंदी भराभर होतात. ‘द रोड’ (२९ सप्टेंबर १९६३) हरवलं, पण संहिता आहे आणि २०१८ मध्ये रेडिओ ४ वर ते नव्यानं झालं. आवाजाच्या भागात ‘नवा प्रयोग’ असंच लिहा. ‘द इयर ऑफ द सेक्स ऑलिम्पिक्स’ (२९ जुलै १९६८) रंगीत होतं, आज कृष्णधवलच उरलं आहे, म्हणून त्यातल्या वेशभूषेविषयी मत देताना जपून. ‘द स्टोन टेप’ २५ डिसेंबर १९७२ चं. आपलं मुंबई दूरदर्शन त्याआधी तीनच महिने, २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं. १९७६ च्या ‘बीस्ट्स’सारख्या कामांसाठी स्वतंत्र, म्हणजे बीबीसीबाहेरच्या वाहिन्या येतात. त्या ‘रेडिओ टाइम्स’च्या जुन्या तक्त्यांत मिळणार नाहीत; तिथे ‘टीव्ही टाइम्स’चे अंक चाळावे लागतात. १९७९ ची शेवटची क्वॉटरमास मालिका, १९८१ ची ‘किनव्हिग’ आणि १९९७ चा ‘कॅव्हाना क्यूसी’चा भाग त्याच पद्धतीनं भरा.

२ एप्रिल २००५ रोजी बीबीसी फोरनं पहिली मालिका पुन्हा थेट सादर केली. ती मूळ १९५३ च्या सहा ओळींखाली, सातवी ओळ म्हणून येते.