मिनेसोटाच्या तळ्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची होडी: बेताच्या बजेटमध्ये नवी खरेदी

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत, आणि मे महिन्याच्या मध्यावर वॉलआय या माशाच्या मासेमारीचा हंगाम उघडला की राज्यातील रस्त्यांवर होड्या ओढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. काठावर उभे राहून सनफिश आणि क्रॅपी मिळतात, परंतु उन्हाळा चढल्यावर वॉलआय खोल पाण्याकडे सरकतो आणि काठावरून टाकलेला गळ त्याच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. त्यामुळे इथे स्थायिक झालेल्या मासेखाऊ मराठी घरात होडीचा विषय निघाला, तर ती केवळ हौस समजू नये. ताज्या वॉलआयचे तुकडे रव्यात घोळवून तळले की सुरमईची आठवण पुरती जात नसली तरी निवते, हे मी अनुभवाने सांगतो. ज्यांना पहिली होडी नवीच घ्यायची आहे, पण पैसे मोजून-मापून खर्च करायचे आहेत, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आपल्याकडे कोकणात लाकडी होडीची जागा फायबरने घेतली, कारण समुद्राच्या खाऱ्या पाण्याला तोंड द्यायचे असते. इथे पाणी गोडे आहे, काठ खडकाळ आहेत आणि होडी दर वेळी ट्रेलरवरून उतरवावी व चढवावी लागते. अशा वापराला अ‍ॅल्युमिनियमच योग्य ठरते. ते हलके असते, कुजत नाही, आणि खडकावर घासले तर ओरखडा किंवा पोचा पडतो, पण होडी सहसा फुटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा होड्या बनवण्याचा व्यवसाय याच राज्यात रुजला. अ‍ॅल्युमाक्राफ्टची सुरुवात १९४६ मध्ये मिनियापोलिसला झाली, तर लुंडची १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावात.

विक्रेत्याच्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. होडीतील काही गोष्टी पुढे केव्हाही बदलता येतात आणि काही जवळजवळ कधीच बदलता येत नाहीत. खुर्च्या, मासे शोधणारे यंत्र, गळाच्या काठ्या ठेवण्याची सोय, पुढच्या टोकाची विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटार, हे सारे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी घेता येते आणि अनेकदा तेव्हा ते स्वस्तही मिळते. तळाचा आकार, रुंदी, पत्र्याची जाडी आणि मुख्य मोटारीची ताकद मात्र खरेदीच्या दिवशीच ठरते. बजेट लहान असेल तर सगळा पैसा या दुसऱ्या गटात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दालनात नेमकी उलटी ओढ लागते, कारण डोळ्यांत भरतो तो गालिचा, रंग आणि मासे शोधणाऱ्या यंत्राचा पडदा.

तळाविषयी

बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. सपाट तळाची जॉन बोट स्वस्त असते, उथळ पाण्यात जाते आणि उभी असताना डगमगत नाही. नदीच्या शांत फाट्यांसाठी आणि लहान तळ्यांसाठी ती पुरेशी आहे. पण वारा सुटलेल्या मोठ्या पाण्यावर तिचा तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. मिल लॅक्स या तळ्याचे क्षेत्रफळ सुमारे १,३२,००० एकर आहे आणि सर्वांत खोल जागी पाणी फक्त ४२ फूट आहे. इतक्या पसरट आणि उथळ पाण्यावर वारा थोड्याच वेळात आखूड, उभ्या लाटा उठवतो. अशा ठिकाणी जाण्याचा विचार असेल तर पुढे धारदार ‘व्ही’ आकाराचा तळ आणि उंच काठ असलेली होडीच घ्यावी.

लांबीच्या बाबतीत, १४ फुटांच्या होडीत दोन मोठी माणसे समाधानाने बसतात, परंतु मुलांसह कुटुंब नेणाऱ्याने १६ फुटांकडेच वळावे. लांबीइतकीच रुंदीही महत्त्वाची असते. गळाला मासा लागल्यावर दोघे एकाच बाजूला झुकले की अरुंद होडी किती कलते, हे एकदा पाहिलेला माणूस रुंदीचा आकडा वाचल्याशिवाय पुढे जात नाही. तळाच्या पत्र्याची जाडी माहितीपत्रकात शोधावी. या वर्गात ती साधारण ०.०८० ते ०.१०० इंच असते, आणि दोन होड्यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर जाड पत्रा घ्यावा.

रिव्हेटची, म्हणजे खिळ्यांसारख्या पिनांनी पत्रे जोडलेली होडी घ्यावी की वेल्डिंगची, यावर इथले जुने मासेमार तासन्‌तास वाद घालतात. वेल्डिंगच्या होडीत सांधे कमी असतात, पण तिला तडा गेला तर अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कुशल माणूस शोधावा लागतो. रिव्हेटची होडी अनेक वर्षांनी ठिबकू लागते, परंतु सैल रिव्हेट पुन्हा ठोकता किंवा बदलता येतात. दोन्ही पद्धतींनी उत्तम होड्या बनतात, म्हणून या प्रश्नावर निर्णय अडवू नये. त्याऐवजी मोटार जिच्यावर बसते ती मागची उभी फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, ती नीट पाहावी. पत्र्याच्या आत लाकूड आहे की न कुजणारे मिश्रद्रव्य, आणि तिला दोन्ही बाजूंनी भक्कम आधार आहे की नाही, हे विचारावे. जमिनीला गालिच्याऐवजी व्हिनाइल असेल तर ते पसंत करावे. गालिच्यात गळ अडकतात आणि माशांचा बुळबुळीतपणा मुरतो. पुढे स्वतः फळ्या बसवायच्या झाल्यास तांबेयुक्त रसायनात मुरवलेले लाकूड अ‍ॅल्युमिनियमला लागून कधीही वापरू नये, कारण ओलाव्यात ते पत्रा खाते.

मोटारीविषयी

२० फुटांपेक्षा लहान साध्या मोटारबोटींवर निर्मात्याने क्षमतेची पट्टी लावावी, असा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा नियम आहे. किती माणसे, एकूण किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे तीन आकडे तिच्यावर असतात. खरेदीचा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे ही पट्टीच आहे.

१९७८ मध्ये ट्रॅकर या कंपनीने होडी, मोटार आणि ट्रेलर एकाच किमतीत विकण्याची पद्धत आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. नवख्या ग्राहकाची त्यामुळे मोठी सोय झाली. मात्र फलकावरची किंमत आकर्षक दिसावी म्हणून या संचात अनेकदा होडीला चालवू शकेल अशी सर्वांत लहान मोटार दिलेली असते. पट्टीवर ५० अश्वशक्ती लिहिलेली, खुर्च्या आणि कन्सोल (सुकाणूचे चाक बसवलेला ओटा) असलेली जड होडी २० अश्वशक्तीच्या मोटारीसह घेतली, तर एकटा माणूस तिच्यात कसाबसा वेग गाठतो. घरची चार माणसे बसली की होडी पाण्यावर उचलली जात नाही, पुढचे टोक वर करून पाणी ढकलत राहते आणि पेट्रोल पीत राहते. नंतर मोठी मोटार घ्यायला गेल्यास जुनीची किंमत पडते आणि नवीची पूर्ण भरावी लागते. म्हणून पट्टीवरील कमाल आकड्याच्या किमान तीन-चतुर्थांश ताकदीची मोटार घ्यावी. ते परवडत नसेल तर मोटार लहान करू नये, होडी साधी करावी.

याच कारणासाठी मर्यादित बजेटच्या कुटुंबाला मी १६ फुटांची, बाकड्यांची, हाताने दांडा धरून चालवायची टिलर होडी आणि २५ अश्वशक्तीची चार-स्ट्रोक मोटार ही जोडी सुचवतो, अर्थात पट्टीवर तेवढी ताकद मान्य असेल तर. कन्सोल, सुकाणूचे चाक आणि केबल यांचा खर्च व वजन वाचते, आतली जागा मोकळी राहते आणि वॉलआयसाठी हळूहळू मागे सरकत गळ ओढण्याची पद्धत टिलरवर सर्वांत सोपी जाते. अशी होडी दोन माणसे घेऊन ताशी साधारण २० ते २५ मैल जाते, आणि मासेमारीला याहून अधिक वेग लागत नाही.

मोटार निवडताना अश्वशक्तीसोबत तिचे वजन आणि आतल्या सिलिंडरांचे आकारमानही विचारावे. एकाच मूळ इंजिनावर तीन-तीन आकडे लावून मोटारी विकल्या जातात, तोहात्सुच्या ९.९, १५ आणि २० अश्वशक्तीच्या मोटारी ३३३ घन सेंटिमीटरच्या एकाच इंजिनावर उभ्या आहेत आणि त्यांचे वजनही जवळपास सारखेच आहे. अशा ठिकाणी थोडे अधिक पैसे देऊन वरचा आकडा घेण्यात फायदा असतो. इंधन सोडणारी यंत्रणा कार्ब्युरेटरची नसून इंजेक्शनची असावी, कारण इथल्या सहा महिन्यांच्या हिवाळ्यानंतर ती विनातक्रार सुरू होते.

मोटारीच्या दांड्याची लांबी ट्रान्समच्या उंचीशी जुळलीच पाहिजे. १५ इंचांच्या ट्रान्समला आखूड आणि २० इंचांच्या ट्रान्समला लांब दांडा लागतो. सवलतीत मिळते म्हणून चुकीच्या लांबीची मोटार घेतली, तर मोटारीचा पाण्यातला पंखा एक तर हवा ओढतो किंवा गरजेपेक्षा खोल बुडून वेग मारतो.

यामाहा, मर्क्युरी, सुझुकी, होंडा आणि तोहात्सु या सर्वांच्या चार-स्ट्रोक मोटारी विश्वासार्ह आहेत, म्हणून नावापेक्षा घराजवळचे अधिकृत दुरुस्ती केंद्र पाहून निवड करावी. जुलैमध्ये मोटार बंद पडली आणि कारागीर शंभर मैलांवर असला, तर अर्धा हंगाम वाट पाहण्यात जातो. एव्हिनरूड हे नाव शतकाहून अधिक काळ प्रत्येक धक्क्यावर घेतले जात असे, तरीही २०२० मध्ये त्या मोटारींचे उत्पादन थांबले. केवळ नावावर विसंबू नये, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

ओढणार कोण?

आपल्या लोकांकडून सर्वाधिक दुर्लक्षित होणारा प्रश्न हाच आहे. बहुतेक मराठी घरांसमोर टोयोटा आरएव्ही४ किंवा होंडा सीआर-व्ही उभी असते, आणि या गाड्यांच्या अनेक पेट्रोल मॉडेलांची ओढण्याची मर्यादा केवळ १,५०० पौंड आहे. सिएना किंवा ओडिसी असेल तर ती ३,५०० पौंडांपर्यंत जाते. हायब्रिडचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्याच गाडीचे पुस्तक उघडून पाहावे.

आता बेरीज करू. १६ फुटांची उघडी टिलर होडी सुमारे ४०० पौंड, मोटार १४०, टाकीसह सहा गॅलन पेट्रोल ४५, बॅटरी ५०, ट्रेलर ४५० आणि नांगर, दोर व इतर सामान १००, असे मिळून जवळपास १,२०० पौंड होतात. लहान गाडी हे ओढू शकते. कन्सोलची होडी ९५० पौंड, मोटार २५०, पेट्रोल ७५, दोन बॅटऱ्या १००, ट्रेलर ६०० आणि सामान १५० असे धरले, तर २,१२५ पौंड होतात आणि होडीपाठोपाठ नवी गाडी घेण्याची वेळ येते. ट्रेलरच्या स्वतःच्या क्षमतेतही हे सारे वजन बसले पाहिजे. जादा चाक हवेच, कारण ट्रेलरची लहान चाके वेगाने फिरतात आणि बेअरिंग तापतात. गॅरेजची खोली मोजूनच लांबी ठरवावी; मोटारीसह ट्रेलर २० फुटांच्या आसपास जातो, आणि पुढचा दांडा बाजूला वळणारा असेल तर दोन-तीन फूट वाचतात. अनेक वसाहतींत होडी अंगणात उभी करण्यास मनाई असते, म्हणून तो नियमही आधी वाचावा.

किंमत

फलकावरच्या किमतीत वाहतूक, जुळणी आणि कर बहुधा नसतात. समजा संच १५,००० डॉलरचा आहे आणि वाहतूक व जुळणीचे १,२०० डॉलर लागले. त्या १६,२०० वर राज्याचा ६.८७५ टक्के विक्रीकर १,११४ डॉलर होतो. लाइफ जॅकेट, नांगर, जादा चाक आणि लहानसे मासे शोधणारे यंत्र यांना ९०० धरले, तर आकडा १८,२०० च्या पुढे जातो. स्थानिक कर, नोंदणी आणि विमा वेगळेच. त्यामुळे विक्रेत्याला पहिल्याच भेटीत सर्व धरून अखेरची रक्कम लेखी मागावी, आणि तीच रक्कम दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावी. जानेवारीतील प्रदर्शनांत निवड भरपूर असते, तर शरद ऋतूत गेल्या वर्षीचे शिल्लक नग कमी किमतीत मिळतात. तसा नग घेताना मोटारीची वॉरंटी खरेदीच्या दिवसापासून सुरू होते, हे कागदावर लिहून घ्यावे.

सही करण्यापूर्वी शक्य असेल तर होडी पाण्यात चालवून पाहावी, आणि तीही नेहमीइतकी माणसे बसवून. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिनाचे फेरे निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत, २५ अश्वशक्तीच्या बहुतेक मोटारींसाठी मिनिटाला ५,००० ते ६,००० च्या दरम्यान, आले पाहिजेत. ते कमी पडले तर पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकावा ते अंतर, मोठा आहे. एक इंच कमी केल्यास फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात, आणि हा बदल विक्रेत्याकडून ताबा घेण्यापूर्वीच करून घ्यावा.

पहिल्या दिवशी इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवूनच निघावे. २६ फुटांपेक्षा लहान होड्यांसाठी वेगात असताना ती लावणे १ एप्रिल २०२१ पासून देशभर बंधनकारक आहे. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या होडीत जॅकेट घातलेलेच असावे लागते आणि १६ फुटांच्या किंवा त्याहून लांब होडीत फेकता येणारे तरंगते साधनही हवे. पहिले काही तास एकाच वेगाने न धावता वेग कमी-जास्त करत राहावे, पहिल्या २० तासांनंतर तेल बदलून घ्यावे आणि दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल टाळावे. परतताना धक्क्यावरच तळाचे बूच काढून सारे पाणी सोडून द्यावे, कारण झेब्रा शिंपल्यांचा, म्हणजे तळ्यांत शिरलेल्या उपद्रवी परकीय शिंपल्यांचा, प्रसार रोखण्यासाठी या राज्यात बूच लावून होडी रस्त्यावर नेण्यास मनाई आहे. ते काढलेले बूच गाडीच्या किल्लीला बांधून ठेवले, म्हणजे पुढच्या खेपेस होडी पाण्यात सोडण्यापूर्वी लावायचे राहत नाही.