जेजेत जाण्याआधी पिशवीत काय भरायचं

प्रवेश पक्का झाला की घरचे गादी, बादली आणि लोणच्याच्या बरणीमागे लागतात आणि मुलगा किंवा मुलगी रंगांच्या दुकानात पोचते. घरच्यांचं चालू द्या, रंगांची खरेदी मात्र थांबवा. मी सांगलीहून मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आलो तेव्हा बत्तीस रंगांची पेटी आणि बारा ब्रशांचा संच घेऊन आलो होतो. पहिल्या महिन्यात लागल्या फक्त पेन्सिली, कोळसा आणि ढीगभर कागद. संचातले निम्मे ब्रश पुढे डिंक लावायला कामी आले. म्हणून येताना टूबी, फोरबी, सिक्सबी पेन्सिली, मळता येणारं रबर, ब्लेडचा कटर, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप आणि चार भक्कम क्लिपा एवढंच आणा. पेन्सिल कटरनेच तासायची. शार्पनरचं टोक आखूड येतं आणि आडव्या शिशाने छटा भरता येत नाही. बाकीची यादी वर्गात मिळते. क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे कागद घाऊक भावात घ्यायचा असेल तर चौघांनी मिळून घ्यावा. टर्पेंटाइन गावाकडून आणू नका. ज्वालाग्राही सामान गाडीत चालत नाही, शिवाय मुंबईत ते मिळतंच. त्याऐवजी आईकडून जुन्या सुती साडीची फडकी मागून घ्या. ब्रश पुसायला त्यासारखं दुसरं काही नाही आणि ती कधीच पुरत नाहीत.

आता कागदाच्या मापाचं. फुल इम्पिरियल म्हणजे २२ बाय ३० इंच, हाफ इम्पिरियल त्याच्या निम्मा, १५ बाय २२. हे माप खोलीत साधं वाटतं, सकाळी ८:१२ च्या लोकलमध्ये तेच जीवघेणं होतं. त्यामुळे बोर्ड घेतानाच ठरवा की तो रोज ने-आण करायचा की कॉलेजात ठेवायचा. मोठा बोर्ड कॉलेजात, हाफ इम्पिरियलची फोल्डर खांद्याला, असं करणारे सुखी राहतात. फोल्डर रेक्झिनची हवी आणि तिचं तोंड वरच्या बाजूला, झाकणासहित. पहिल्याच पावसाळ्यात माझं तीन दिवस घासलेलं वस्तुचित्र मस्जिद ते सीएसएमटी एवढ्या एका स्टेशनात भिजलं, तेही खिडकीच्या बाजूने नव्हे तर शेजारच्या काकांच्या छत्रीने. तेव्हापासून फोल्डरच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी असते. सबमिशनच्या दिवशी कॅनव्हास किंवा मोठं मॉडेल असेल तर सरळ मालडब्यात चढा. तिथल्या मंडळींना टोपल्यांची सवय असते, ते जागा करून देतात. आणि चालत्या गाडीत दारात मोठा बोर्ड धरून उभं राहायचं नाही. वारा त्याचं शीड करतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: मूळ प्रती, तीन-तीन झेरॉक्स, जात किंवा उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर तो आधीच काढलेला, आणि पासपोर्ट फोटो वीसेक. सवलतीच्या रेल्वे पाससाठी कॉलेजच्या सही-शिक्क्याचा कागद लागतो, तो पहिल्याच आठवड्यात मागा. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे थोरल्या भावाच्या वेळचे नियम गृहीत धरू नका. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे खिशात मावेल एवढी स्केचबुक. वर्गातली डाँकी (बोर्ड टेकवून चित्र काढायचं बाक) अडवून बसलात की समोर एकच मॉडेल दिसतं. बाहेर रस्ता ओलांडला की सीएसएमटी आहे आणि तिथलं दगडी कोरीवकाम आपल्याच आधीच्या पिढ्यांचं आहे. शाळा १८५७ ची. १८६५ मध्ये शिकवायला आलेल्या लॉकवूड किपलिंग यांनी क्रॉफर्ड मार्केटची उठावशिल्पं केली आणि पुढे स्टेशनच्या इमारतीच्या सजावटीत इथल्या विद्यार्थ्यांचा हात लागला. त्या दगडातली पानं, मोर आणि माकडं कोपऱ्याकोपऱ्यांतून शोधत काढली तर दागिन्यासारखी रेष कशी वळते ते कळतं. दुर्बीण मिळाली तर उसनी न्या. थट्टा नाही, वरच्या मजल्यावरची माकडं खालून दिसत नाहीत.

भायखळ्याची राणीची बाग (आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) ही तर जनावरं काढायची जुनी शाळाच. बुधवारी बंद, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही त्याच दिवशी बंद. एकदा बुधवारी जाऊन दारावरचं कुलूप काढून आलात, म्हणजे पेन्सिलीने, तर मात्र लक्षात राहतं. पेंग्विनपाशी वेळ घालवू नका, काचेवर गर्दीचंच प्रतिबिंब येतं. सुरुवात पाणघोड्यापासून करा. तो बराच वेळ हलत नाही आणि त्याचं वजन रेषेत आणता आलं की माणसाच्या बसलेल्या देहाचंही येतं. मगरीपाशी घाई नको, माकडांपाशी मात्र अर्ध्या मिनिटात पान उलटायचं. एका पानावर आठ अर्धवट माकडं चालतात. एक पुरं माकड काढायला बसलात तर पान कोरंच राहील.

आता संधी. त्या वाजतगाजत येत नाहीत. फळ्यावर टाचणीने लावलेल्या कागदावर शेवटची तारीख म्हणून येतात आणि बहुतेकांना त्या चहा पिताना दुसऱ्याकडून, उशिरा कळतात. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा विभाग असतो. सोसायटी १८८८ ची आहे. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थी विभाग असतो. फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो, तिथे मांडणशिल्पांना हात लावायला, उभारायला मुलं लागतात. या सगळ्यांसाठी काम आधी तयार लागतं, तारीख कळल्यावर सुरू केलेलं काम ओलंच राहतं. म्हणून दर महिन्याला दोन बरी कामं बाजूला काढा आणि त्यांचे फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, कॅमेरा चित्राला समांतर धरून, आणि काच लावण्याआधी. तैलचित्र थोडं वाकडं धरून चकाकी घालवायची युक्ती करू नका, चौकट एका बाजूला निमुळती होते. फाइलला नाव द्यायचं ते स्वतःचं, वर्ष, माध्यम आणि माप असं. 'फायनल नवीन २' या नावाच्या फाइलीने कोणाचंही भलं झालेलं नाही.

मापाबद्दल एक जखम सांगतो. दुसऱ्या वर्षी एका प्रदर्शनाच्या अर्जात मी चित्राचं माप लिहिलं, फ्रेमसकटचं नाही. फॉर्मवर स्पष्ट छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. टेम्पोतून चित्र नेलं आणि दारातच टेप लावून पाहिलं गेलं. चार इंच जास्त! चित्र परत खांद्यावर. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने दोन मापं लिहितो, नुसतं आणि फ्रेमसह, सेंटिमीटरमध्ये, आधी उंची मग रुंदी, आणि 'वर' असा बाण. अमूर्त चित्र असेल तर तो बाण हवाच.

उपयोजित कलेकडे जाणाऱ्यांनी लॅपटॉपची घाई करू नये. पहिल्या वर्षी हात लागतो. बोरू आणि काळी शाई मात्र घ्या, आणि बोरूचं टोक तिरकं कापायला शिका. देवनागरीत जाड-बारीक त्या कापावरच ठरतं, ते स्क्रीनवर आधी शिकता येत नाही. पुढे फाँट लागले तर 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' मोफत आहेत, चोरीचे कशाला वापरता? मराठी मजकूर असलेल्या पोस्टरमध्ये इकार आणि रफार छापण्याआधी मोठे करून तपासा. फाँट बदलला की तेच तुटतात.

आणखी एक गोष्ट पिशवीत नाही, सवयीत भरायची: आपल्या विभागाबाहेर जायची. वस्त्रकला, मातकाम, धातुकाम यांच्या दारात तासभर उभे राहिलात तरी कोणी हाकलत नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया इथे चित्रकला शिकल्या आणि १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं ते वेशभूषेसाठी. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये इथे आले तेव्हा सिनेमा हा शब्दही नव्हता. म्हणून एका रिकाम्या दुपारी चाकावर माती धरून बघा. पहिली चार भांडी कोसळतील. मातीचे शिंतोडे निघतील असे कपडे त्या दिवशी घाला, बाकी काही लागत नाही.

जेवणाचं आणि औषधांचं आईने सांगितलेलंच पाळा. फक्त एक जोडा: कटरने बोट कापतंच, तेव्हा बँडेजची पट्टी खिशात आणि दुसरी शेजाऱ्यासाठी. कटरचं ब्लेड मोडलं की कचऱ्यात सुटं टाकायचं नाही, टेपमध्ये गुंडाळून टाकायचं. सफाई करणाऱ्या मावशींचे हात त्यात जातात.

शेवटी हातोडी, एक किलो खिळे आणि सुतळी. हे वार्षिक प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लागतं. त्या रात्री अख्ख्या कॉलेजात हातोड्या तीन असतात आणि मागणारे तीनशे. आपली हातोडी एकदा हातातून गेली की सकाळी मातकामात सापडते, किंवा सापडत नाही. म्हणून दांड्यावर आपलं नाव ऑइलपेंटने आधीच लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात, आणि ते अक्षर तरी जरा नीट काढा.