भांड्यांच्या साबणाची परीक्षा आपल्याच पाण्यावर घ्यावी

भांडी घासण्याच्या साबणाच्या जाहिरातीत नळ नेहमी धो धो वाहत असतो. मराठवाड्यातल्या बहुतेक मोऱ्यांमध्ये तसा तो वाहत नाही. कुठे आठ-आठ दिवसांनी पाणी सुटते, कुठे सगळी भिस्त बोअरवर असते आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा एका ताटाला किती पाणी लागते याचा हिशेब आम्ही सगळेच शिकलो. त्यामुळे आपल्याकडे साबणांची तुलना करताना दोनच प्रश्न खरे महत्त्वाचे ठरतात: ठरावीक पैशांत किती भांडी निघाली आणि ती विसळायला किती पाणी गेले. फेस, लिंबाचा वास, वडीचा रंग या गोष्टी त्यानंतरच्या.

सुरुवात साबणापासून न करता पाण्यापासून करावी. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत घरचे वापराचे पाणी आणि दुसरीत पावसाचे किंवा आरओचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे, दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोराने हलवावे. दुसऱ्या बाटलीत दाट फेस आला आणि पहिलीत नुसता पांढरट साका तरंगू लागला, तर शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन म्हटले आहे ते हे पाणी, असे समजावे. काळ्या बसाल्ट खडकात मुरलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात या जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसेल तर 600पर्यंत चालवून घेतले जाते. भांड्यांची वडी ही रासायनिक अर्थाने साबण नसून डिटर्जंट असते, म्हणून तिचा साका फारसा होत नाही. तरीही जड पाण्यात तिची काही ताकद क्षारांशी झगडण्यातच खर्ची पडते. पुण्यातल्या बहिणीने वाखाणलेले लिक्विड आपल्या घरी फिके पडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता वडी आणि लिक्विड यांची तुलना वजनावर करणे अन्यायाचे आहे, म्हणून ती पैशांवर करावी. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमत छापलेली असते. समजा वडी ग्रॅमला 10 पैसे आणि लिक्विड मिलिलिटरला 20 पैसे पडते, तर 50 पैशांत वडीचा 5 ग्रॅम कीस आणि लिक्विड अडीच मिलिलिटर येते. कीस स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजता येतो, लिक्विडला औषधाची सिरिंज पुरते. विम, एक्सो, प्रिल किंवा बाजाराच्या दिवशी मिळणारी सुटी वडी, काहीही घ्या, पण प्रत्येकाचे 50 पैसेच घ्या. प्रत्येक नमुना अर्धा वाटी पाण्यात कालवावा आणि वाट्यांवर क, ख, ग अशी खूण दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी. हा खटाटोप अनावश्यक वाटेल, परंतु पहिल्या खेपेस मी तो टाळला होता आणि आमच्या नेहमीच्या वडीच्या ताटल्या माझ्याही नकळत जास्त जोर लावून घासल्या होत्या. ती सगळी परीक्षा रद्द करावी लागली.

मळ मात्र सारखा हवा. एकाच मापाच्या स्टीलच्या ताटल्यांवर एकेक चमचा तेल आणि अर्धा चमचा बेसन सारवून त्या रात्रभर ठेवाव्यात. एकच नवी घासणी कापून तिचे तुकडे करावेत व एका नमुन्याला एकच तुकडा वापरावा. प्रत्येक वाटीतले द्रावण घासणीवर थोडे थोडे घेत एकामागून एक ताटल्या घासत जावे, आणि ओशटपणा राहू लागला की थांबून आकडा लिहावा. ओशटपणा बोटाने ओळखण्यापेक्षा पाण्याने ओळखावा: विसळलेली ताटली उभी धरली असता पाण्याचा पातळ पडदा सलग उतरला तर ती स्वच्छ आहे, आणि पाणी थेंबाथेंबांत फाटले तर तेल शिल्लक आहे. वाळल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा दोष लगेच साबणाला देऊ नये. एक स्वच्छ ताटली नुसत्या पाण्याने धुऊन शेजारी वाळवावी. तिच्यावरही ठिपके आले तर ते आपल्या बोअरचे आहेत.

विसळण्यासाठी एक लिटरचे माप जवळ ठेवावे आणि हाताची बुळबुळ जाईपर्यंत लागलेले पाणी नोंदवावे. अनेकांचा अंदाज येथे चुकतो. भरपूर फेस करणारा साबण कधीकधी दुप्पट पाणी मागतो, आणि पाणी विकत घेणाऱ्या घरात वडीवर वाचवलेले पैसे असे मोरीतून वाहून जातात.

वाटीत उरलेले द्रावण रात्रभर न हलवता ठेवून सकाळी तळाशी पाहावे. वडीच्या वाटीत पांढरा गाळ बसलेला असेल. तो कॅल्साइट किंवा डोलोमाइटसारख्या खनिजाच्या भुकटीचा, म्हणजे घासायला मदत करणाऱ्या भरतीचा असतो. स्टीलला त्याचा त्रास नाही, नॉनस्टिकवर मात्र ओरखडे उठतात. वरच्या नितळ पाण्याचा एक थेंब हळदीच्या पुडीवर टाकावा. हळद कुंकवासारखी लाल झाली तर साबणात सोड्याचा अंश चांगलाच आहे. असा साबण तेलावर चांगला चालतो, पण भेगाळलेल्या हातांना झोंबतो व ॲल्युमिनियमची पातेली काळवंडवतो. ज्या मावशी दिवसाला चार घरची भांडी घासतात, त्यांच्या हातांचा विचार करता ही हळदीची खूण मला किमतीइतकीच महत्त्वाची वाटते.

वडी ओल्या डबीत एक दिवस ठेवून तिचा किती लगदा होतो, हेही एकदा पाहून घ्यावे. जाळीच्या डबीने हा तोटा बराच कमी होतो.

करडीच्या तेलाची कढई मात्र या परीक्षेत घेऊ नये. करडीचे तेल हवेत सुकून घट्ट होणारे आहे. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, भज्जीला (मिश्र भाजीला) फोडणी दिलेल्या पातेल्याच्या काठावर जो पिवळा चिकट थर बसतो, तो आता तेल राहिलेलाच नसतो आणि कुठलीच वडी त्याला दाद देत नाही. स्टीलचे वा लोखंडाचे भांडे असेल तर धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात तासभर भिजवून मग घासावे. कुठल्याही साबणात ब्लीच किंवा संडास धुण्याचे ॲसिड मिसळू नये. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाणी बदलले की आकडे पुन्हा घ्यावेत. आमच्या घरी पावसाळ्यात नळाच्या पाण्यावर ‘ख’ ही वडी पहिली आली होती. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाल्यावर तीच वडी विसळायला इतके पाणी मागू लागली की ‘ग’ हे लिक्विड महाग असूनही पुढे गेले. तेव्हापासून फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, एक नळाच्या पाण्याची आणि एक टँकरच्या.