व्हायरल लोड वाढला तर आधी बाटली मोजा, मग रेझिस्टन्स रिपोर्ट वाचा

घरात कुणी एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या व्हायरसचा आकडा, १००० च्या वर आला की सगळे एकच विचारतात, आता गोळी बदलायची का. लगेच नाही. आधी बाटली मोजायची. ३० गोळ्यांची बाटली, रोज १, उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवायची, मग २५ दिवसांचे डोस झाल्यावर आत ५ च उरल्या पाहिजेत, ११ निघाल्या तर ६ डोस चुकलेत. हे ओरडायला मोजायचं नाही हो, का चुकले ते शोधायला मोजायचं.

आमच्या ओळखीच्या एक ताई बीडकडून ऊसतोडीला जायच्या. कोपीत आडोसा नाही, टोळीत कळू नये म्हणून बाटली पत्र्याच्या पेटीत तळाला कपड्यांखाली, गोळीची वेळ रात्री ९ ची आणि पहाटे फडावर जायचं म्हणून ८ लाच डोळा लागायचा. काउन्सेलरने काय केलं तर वेळ संध्याकाळी चूल पेटवायची करून दिली, बस्स. ३ महिने नीट घेऊन परत लोड केला तर दबला होता. हंगामाला निघायच्या आधी एआरटी सेंटरवर सांगा, जास्त गोळ्या किंवा तिकडच्या सेंटरला ट्रान्सफर मागा, मागायला अजिबात लाजू नका.

दुसरं म्हणजे सोबतची औषधं. टीएलडी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी. त्यातलं डोल्युटेग्राविर ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या ॲसिडिटीच्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं, नाहीतर अंगात नीट उतरत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविरचा जादा डोस लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

हे सगळं नीट असूनही ३ महिन्यांनी लोड वरच, तेव्हा रेझिस्टन्स टेस्टचा, म्हणजे व्हायरस कोणत्या औषधाला दाद देत नाही ते बघणाऱ्या रक्ततपासणीचा विषय डॉक्टरांकडे काढायचा. आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते, लोक वैतागून गोळ्या बंद करतात आणि मग रक्त देतात. औषधाचा दाब गेला की साधा व्हायरस परत पुढे येतो, रेझिस्टंट मागे लपतो, रिपोर्ट स्वच्छ येतो आणि आपण फसतो, तो पेशींमध्ये दबा धरून बसलेलाच असतो. म्हणून रक्त गोळ्या चालू असतानाच द्यायचं.

रिपोर्टमध्ये सबटाइप सी, म्हणजे एचआयव्हीचा सी हा उपप्रकार दिसला तर घाबरू नका, भारतात बहुतेकांचा तोच आहे आणि आपल्या गोळ्या त्याच्यावर चालतात. पण तुलना सबटाइप बी च्या नमुन्याशी करतात, त्यामुळे सी मधले जन्मजात फरकसुद्धा यादीत येतात, उदाहरणार्थ प्रोटिएज या व्हायरसच्या प्रथिनातला एम३६आय, यादी लांब दिसली म्हणजे रेझिस्टन्स जास्त असं नसतं.

म्युटेशन, म्हणजे व्हायरसमधला बदल, असं वाचायचं: अक्षर म्हणजे प्रथिनाचा एकेक तुकडा, तर एम१८४व्ही म्हणजे १८४ व्या जागी एम होता तिथे व्ही आला. याने लॅमिव्हुडिन ढिलं पडतं, पण व्हायरसही दुबळा होतो, म्हणून डॉक्टर ते औषध बरेचदा चालूच ठेवतात. के१०३एन ने नेव्हिरापिन, एफाविरेन्झ ही जुनी औषधं गेली, डोल्युटेग्राविरला मात्र त्याने फरक पडत नाही. के६५आर दिसला तर टेनोफोविरबद्दल नक्की विचारा, प्रयोगशाळेत सबटाइप सी मध्ये हा लवकर तयार होताना दिसलाय. शेवटच्या तक्त्यात औषधापुढे ससेप्टिबल (औषध चालतं) ते हाय लेव्हल रेझिस्टन्स (औषध जवळजवळ चालत नाही) असं लिहिलेलं असतं, डॉक्टरांसमोर बसून एकेका औषधावर बोट ठेवून विचारा.

जुना रिपोर्ट कधीच फेकू नका. तेव्हा दिसलेलं म्युटेशन आज दिसत नसेल तरी ते धरूनच पुढची औषधं ठरतात. फाइल भिजते, हरवते, म्हणून फोटो काढून मोबाइलमध्ये लॉक लावून ठेवा आणि सेंटर बदललं की पहिल्याच दिवशी दाखवा. कुठे जायचं कळेना तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे.