पोरांच्या वाचनाचा स्पीड मोजताय? रोजचा उतारा बाजूला ठेवा

मागच्या वर्षी माझी दुसरीतली लेक आठ दिवस एकच उतारा वाचत होती आणि मी मोबाइलवर टायमर लावून, मिनिटाला किती शब्द झाले ते आकडे फ्रिजवर चिकटवत होते, ३४, ४१, ५२, ५८... आजीला फोनपण करून झाला. नवव्या दिवशी पंख्याने पान उलटलं आणि हिचं तोंड चालूच! पुढची अख्खी ओळ म्हणून मग थांबली. म्हणजे कसलं वाचन, पाठांतर होतं ते.

तर सरावाचा उतारा वेगळा, मोजायचा वेगळा, एवढं पाळलं तरी पुष्कळ. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणित अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला निदान ६० शब्द म्हटलंय तेही अनोळखी मजकुराचंच.

उताऱ्यांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी बालभारती बघा, नाहीतर किशोरचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. एकाच लेव्हलचे पाच-सहा काढून लपवून ठेवा. पहिल्या दिवशीचा आकडा सरळ सोडून द्या, कारण टायमर बघून पोरं बिचकतात, काय करायचंय तेच कळत नसतं, दुसऱ्या वेळी आकडा तेवढ्यानंच वाढतो. मग तीन नवे उतारे, प्रत्येकी एक मिनिट, आणि मधला आकडा धरायचा (३८, ५१, ४२ आले तर ४२). आपल्या हातात वेगळी कॉपी आणि पेन्सिल. चुकून स्वतःच सुधारलं तर बरोबर, तीन सेकंद अडकलं तर शब्द सांगून टाका आणि चूक धरा. शेवटी "काय झालं गं गोष्टीत?" विचारायचंच, नुसता स्पीड घेऊन काय करायचंय.

इंग्रजीचे स्पीडचे तक्ते लावू नका हं, आपला 'शाळेसमोरच्या' एकच शब्द मोजला जातो, इंग्रजीत त्याचेच तीन-चार होतात.

आणि तोच उतारा परत परत वाचणं वाईट नाहीये. अमेरिकेतले वाचन-संशोधक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये हीच पद्धत मांडली, ठरलेला स्पीड आला की पुढचा उतारा. त्यात बघण्यासारखं हे की प्रत्येक नव्या उताऱ्याचं पहिलंच वाचन आधीच्यापेक्षा फास्ट होत गेलं. म्हणून आता आमच्या फ्रिजवर फक्त पहिल्या वाचनाचे आकडे असतात, हळूहळू सरकतात, परवा ४४ झाले, 'स्वातंत्र्य' आलं की मात्र अजून ब्रेक लागतो.